शिन-सानचा मामा

माझा भाचा जपानला निघाल्याची बातमी गावात पोहोचली, पण वाटेत तिच्यातला 'येन' हा शब्द कुठंतरी सांडला. पगार महिना दोन लाख वीस हजार येन, असं दाजींनी पारावर एकदाच सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत गावात नुसते दोन लाख वीस हजार फिरायला लागले आणि तिसऱ्या दिवशी श्रीगोंद्याकडून एक स्थळ आलं. एका येनाचे हल्ली साठ पैसेही धड येत नाहीत, आणि त्यातूनच तिकडचं घरभाडं, वीज, विमा भागवायचा असतो, हे सांगायला दाजी पुन्हा पारावर गेलेच नाहीत. तसे ते खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. पण गावाला आनंद होतोय तर होऊ द्यावा, असं त्यांचं मत.

बहिणीचं गाव पारनेर तालुक्यात, सुप्यापासून दुचाकीच्या अंतरावर. या तालुक्यातून परदेशी जाणं तसं नवं नाही. सेनापती बापट पारनेरचेच. १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून ते इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला गेले आणि परत आले ते बाँब करायची विद्या घेऊन. बहिणीला शाळेतला हा धडा पक्का आठवत होता. "दादा, आपला पोरगा तसलं काही शिकून नाही ना यायचा?" मी म्हटलं, फार तर कचरा वेगवेगळा करायला शिकून येईल. तिला ते बाँबपेक्षा अवघड वाटलं.

भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. सुप्याच्या एमआयडीसीत जपानी उद्योगांसाठी म्हणून वेगळा पट्टा राखलेला आहे. तिथंच जवळच्या एका कारखान्यात तो चिकटला होता. कारखान्याच्या भिंतीवर पाच जपानी शब्द रंगवलेले. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडा, तसंच राखा आणि अंगी बाणवा. कारखान्यात हे पाच 'एस' तो रोज पाळायचा. घरी त्याच्या खोलीत मात्र यातला एकही एस आजवर शिरल्याचं कुणाला आठवत नाही.

जपानी शिकायला तो संध्याकाळी माझ्याकडे नगरला सावेडीत यायचा, कारण गावात नेटला डोंगर आडवा येतो. वर्ग मोबाइलवर, शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. दुसऱ्याचा तास चालू असताना कान बंद ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही. पहिल्याच दिवशी पडद्यावर अक्षरांचा तक्ता आला. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी चहाचा कप खाली ठेवला. ही तर आपलीच वर्णमाला, मधली बरीच मंडळी उठून गेलेली! स्वर आधी, मग कंठातला क, मग दातांकडची अक्षरं, मग ओठांवरची, शेवटी य, र, व. बाईंनी सांगितलं की बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला आणि त्यातून तिकडच्या अक्षरांना हा क्रम मिळाला. पस्तीस वर्षं मी पोरांकडून क ख ग घ घोकून घेतलं. ते इतक्या लांबवर ऐकू गेलं असेल याची कल्पना नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात तर मी खुर्ची ओढून शेजारीच बसलो. इकिमास म्हणजे जातो. आणि इकिमास का म्हणजे जातो का! प्रश्नाला शेवटी 'का', बाकी वाक्याला धक्का नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या पाठीमागून आलेले, आणि समोरच्याचा होकार हवा असला की शेवटी 'ने' लावायचा, आपण 'ना' लावतो तसा. इंग्रजीचा प्रश्न करताना वाक्याचं डोकं कुठं आणि पाय कुठं हे सांगून माझा घसा बसायचा. इथं पारनेरचं पोरगं आपल्या चालीनं चालत जपानीत शिरत होतं. गोल फिरणं त्यांच्याकडे गुरुगुरु, आपल्याकडे गरगर. ढग त्यांचे गोरोगोरो करतात, आपले गडगड. काळीज धडधडतं ते दोकीदोकी. ज्या भाषेत ढगांना आणि काळजाला आपापला आवाज आहे, तिथं माणूस अगदीच परका पडणार नाही, असं मला उगाच वाटून गेलं.

चित्रलिपी आली तेव्हा मात्र ही सोयरीक संपली. रोजच्या वापराची म्हणून सरकारने ठरवून दिलेली चिन्हंच २,१३६ आहेत. एक झाड काढलं की झाड, दोन काढली की राई, तीन काढली की जंगल, इथवर मी साथ दिली. एकदा बहीण मुक्कामाला होती तेव्हा भाच्याने तिला एक चिन्ह दाखवलं. वर छप्पर, खाली बाई. "आई, याचा अर्थ शांतता, निवांतपणा. आणि हेच चिन्ह 'स्वस्त' या शब्दालाही वापरतात." बहीण शेंगा फोडत होती. म्हणाली, "बरोबरे की. घरात बाई असली की समद्यांनाच स्वस्तात पडतं." पुण्याच्या बाईंचा माइक चालूच होता. त्या इतक्या हसल्या की तास तिथंच संपला.

भाचा गेल्यावर मीही जपानीच्या परीक्षेला बसलो, हे इथंच सांगून टाकतो. सगळ्यांत खालची पायरी, एन-५. पुण्याच्या केंद्रावर माझ्या एका बाजूला दहावीतली मुलगी, दुसऱ्या बाजूला मिसरूड फुटणारा मुलगा. १८० पैकी ८० गुण पुरतात, पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी निदान १९ पडावेच लागतात. ते पडले नाहीत. बायकोचं म्हणणं, मराठीत ऐकायची परीक्षा घेतली तरी तुम्हाला एकोणीस पडायचे नाहीत.

खरा घोळ झाला तो आडनावाचा. भाचा शिंदे. या जिल्ह्यात शिंदे म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. ज्यांचं नाव आता जिल्ह्याला आहे त्या अहिल्यादेवी माहेरच्या शिंदे, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांची लेक. पण जपानीत 'शिनु' म्हणजे मरणं आणि त्याचं एक रूप होतं 'शिंदे'. कुणाला तोंडावर 'शिंदे' म्हटलं तर ते जवळजवळ 'मर जा' म्हटल्यासारखंच. म्हणजे आमचा भाचा जपानी माणसासमोर कमरेत वाकून, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, अत्यंत नम्रपणे 'मी शिंदे' म्हणणार आणि समोरच्याच्या कानावर काय पडणार? तिकडे चार या आकड्याचा उच्चार 'शि' होतो आणि मरणालाही 'शि' म्हणतात, एवढ्यावरून कित्येक दवाखान्यांत चार नंबरची खोली ठेवत नाहीत. तिथं ही अख्खी व्यक्तीच.

बाईंनी सुचवलं, पहिल्या नावानं ओळख सांगायची. दाजींना ते पटेना. "सात पिढ्यांचं आडनाव, ते काय म्हणून लपवायचं?" शेवटी तिढा तिकडेच सुटला. कारखान्यातल्या फोरमनने पहिल्या दिवशी नावाची पट्टी वाचली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "शिन-सान." तेच पडलं. शिन म्हणजे खरा, आणि नवा. बहिणीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आडनावाचं शेपूट तोडलं मेल्यांनी." मेल्यांनी हा शब्द तिनं कसलाही विचार न करता वापरला होता.

आडनावाचं हे असं, आणि गावाचंही सरळ नव्हतं. पासपोर्टवर जन्मस्थान अहमदनगर. नंतर काढलेल्या दाखल्यावर अहिल्यानगर. निजामशाहीच्या अहमदने १४९० साली वसवलेल्या शहराचं नाव २०२४ साली बदललं, हे इथं पोराटोरांना ठाऊक आहे. पण तिकडून मेल आली की आपला जन्म नेमका कोणत्या शहरात झाला ते कळवावे. भाच्याने अर्धं पान भरून इतिहास लिहिला. मला दाखवला. मी सगळा खोडून दोन ओळी ठेवल्या: शहराचं नाव बदललं. दोन्ही शहरं एकच आहेत. त्याने मुळात तिसरी ओळ लिहिली होती, की आम्ही दोन्ही नावं न घेता नुसतं 'नगर' म्हणतो. ती मी काढली. कशाला त्यांना आणखी एक शहर द्या.

कागदांच्या कामासाठी पुण्याला जाणं झालं तेव्हा बहिणीला म्हटलं, चल, तुला जपान दाखवतो. सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. त्याला नाव पु. ल. देशपांड्यांचं. तेही योग्यच, कारण माझ्या पिढीनं जपान पाहिला तो त्यांच्या 'पूर्वरंग'मधूनच. बहीण आत शिरली. हिरवळीचे उतार, मधून खेळवलेलं पाणी, त्यात रंगीत मासे, मोजून ठेवल्यासारखे दगड. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, भारावली. मग म्हणाली, "एवढं गवत, दादा, आन् एक शेळी नाही."

जायचा दिवस ठरला पाडव्याच्या आठ दिवस आधीचा. तिकडे शाळा, कंपन्या सगळ्यांचं वर्ष एक एप्रिलला सुरू होतं. "पाडवा करून गेला असता तर काय जपान बुडत होतं?" हे बहिणीनं पुरणाच्या पोळ्या आठ दिवस आधीच लाटताना विचारलं. सामानाला तेवीस किलोची एक बॅग. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ती इतक्यांदा भरली आणि रिकामी झाली की पाच एसपैकी निदान दोन तरी घरात आले. लसणाची चटणी, काळा मसाला, हुलग्याचं पीठ, आणि सगळ्यांच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळून, मिक्सर. मिक्सरचं मी नंतर सांगतो.

पुण्याची गाडी स्वस्तिक चौकातल्या स्टँडवरून सुटते. तिथं उभ्या उभ्या भाच्याने मोबाइलवर, जिथं जायचं त्या नागोयाचा नकाशा काढून आईला दाखवला. नकाशावर जागोजाग स्वस्तिक. ती हरखली. "अय्या, तिथं पण स्वस्तिक स्टँड!" ती देवळांची खूण. जपानी नकाशात बौद्ध देऊळ स्वस्तिकाने दाखवतात, फक्त पाकळ्या आपल्या उलट्या अंगाला वळलेल्या. भाचा समजावून सांगायला लागला, तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली. तो पायरीवर चढला, मागे वळला आणि म्हणाला, "इत्ते किमास." बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. घरातून निघताना जपानी माणूस हेच म्हणतो. शब्दाला शब्द ठेवला तर 'जाऊन येतो'. मी तिला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मग सरळ मराठीत म्हनला असता तर काय झालं असतं?" आणि पदर डोळ्यांना लावायला तिनं तोंड फिरवलं.

आता मिक्सर. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, तिकडे १००. अर्ध्याहून कमी. पहिल्या रविवारी त्याने शेंगदाण्याचं कूट करायला मिक्सर लावला तर तो भर उन्हात नांगराला जुंपलेल्या म्हाताऱ्या बैलासारखा दोन पावलं टाकून उभाच राहिला. तेव्हापासून तो कपाटावर असतो. टाकून दे म्हटलं तर टाकणंही सोपं नाही. जळणारा कचरा एका वारी, प्लॅस्टिक दुसऱ्या वारी, बाटल्या, डबे वेगळे. आणि असल्या वस्तूचा वार कोणता हे छापील तक्त्यात शोधायचं. आमच्याकडे घंटागाडी गाणं वाजवत दारात येते आणि सगळं एकाच पोटात घालून जाते. मिक्सर बिचारा दोन देशांच्या मध्ये लटकलाय.

कारखान्यात एकदा जेवणाच्या सुट्टीत मी व्हिडिओ कॉल केला. शेजारी बसलेल्यांनी विचारलं, कोण? तो म्हणाला, "मामा." सगळे चटकन उभे राहिले आणि कमरेत वाकले. मी इकडून हात जोडले. नंतर उलगडा झाला. जपानी पोरं आईला 'मामा' म्हणतात. त्या लोकांनी एका मिशाळ, टकलू बाईला मनोभावे नमस्कार केला होता, आणि कुणाच्याही चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नव्हती. याला म्हणतात सभ्यता. शिवाय 'काकी' हे तिकडे फळाचं नाव आहे आणि 'बाबा' म्हणजे म्हातारी, तेही जरा फटकून म्हटलेली. आमचं अख्खं गोत तिकडे गेलं तर विमानतळावरच अडकेल.

बहिणीला सगळ्यांत आवडली ती आंघोळीची पद्धत. आधी टबाच्या बाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं आणि मग टबात शिरायचं ते नुसतं शेकायला. त्याच पाण्यात घरातली माणसं एकामागून एक. "समदे एकाच पाण्यात?" तिनं आधी नाक मुरडलं. मग भाच्याने सांगितलं की तिथं कपडे धुवायच्या कित्येक यंत्रांना नळी असते, ती टबात सोडली की तेच पाणी धुण्याला जातं. बहीण गप्प झाली. बहात्तरच्या दुष्काळातलं तिला ऐकून ठाऊक आहे, नंतरचे सगळे तिने अंगावर काढलेत; आंघोळीचं पाणी धुण्याला, धुण्याचं कडीपत्त्याला, हा तिचा आयुष्यभराचा शिरस्ता. "मग ती मान्सं आपल्यातलीच हायेत," ती म्हणाली.

जेवणाचंही तसंच काहीसं. गोहान म्हणजे भात, आणि गोहान म्हणजे जेवणही. आमच्याकडे 'भाकरी खाल्ली का' विचारताना कुणी भाकरीपुरतं विचारत नाही. हुलग्याचं पीठ संपल्यावर तो तिकडच्या जाड शेवयांना, उदोनला, लसूण-मिरचीची फोडणी देऊन शेंगोळ्यांची आठवण काढतो. तिथं शेवया आवाज करून भुरकलेल्या चालतात. लहानपणी शेंगोळ्यांचा रस भुरकतो म्हणून त्याने याच मामाचा धपाटा खाल्लेला आहे.

दिवाळीच्या सुमारास तो टोकियो पाहून आला. असाकुसा भागात एक देऊळ आहे, तिथं आपला गणपती कांगितेन या नावानं असतो. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत आणि नैवेद्याला मुळा. पांढराशुभ्र, मनगटाएवढा मुळा. आमच्या माळीवाड्याच्या विशाल गणपतीला अख्खं नगर डोळे भरून पाहतं आणि मोदकाशिवाय बोलत नाही. बहीण म्हणाली, तिकडं दूर्वा मिळत नसतील, घेतोय बिचारा चालवून.

टोकियोच्याच एदोगावा भागात २०१९ साली योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले, मूळचे अंबरनाथचे. पुढे एका सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापकही झाले. हे मी मास्तर म्हणून जरा जास्तच रंगवून सांगतो. दाजींच्या डोक्यात मात्र दुसरीच बातमी बसली होती. २०२५च्या ऑगस्टमध्ये दोन्ही देशांनी ठरवलं की पाच वर्षांत पाच लाख माणसांची ये-जा व्हावी, त्यात इथून तिकडे जाणारे कुशल कामगार पन्नास हजार. "त्यांची स्वतःची पोरं कुठं गेली?" बहिणीनं विचारलं. मी सांगितलं, तिथं शंभरात एकोणतीस माणसं पासष्टच्या पुढची आहेत. ती ओट्यावर बसली होती. तिनं गल्लीकडं पाहत बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहिल्या घरात आजी एकटी, पोरगा चाकणला. दुसऱ्यात दोघं म्हातारे, पोरगा हिंजवडीला. तिसऱ्याला कुलूप. चौथं तिचं स्वतःचं. ते घर तिनं मोजलं आणि बोट तसंच धरून ठेवलं.

फोनची वेळ अजून तिला जमलेली नाही. तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढं. ती भाकऱ्या उरकून साडेआठला निवांत होते तेव्हा तिथं मध्यरात्र. म्हणून आता सुट्टीच्या दिवशी दुपारी दीडचा मुहूर्त ठरवलाय. गेल्या रविवारी मी गावीच होतो. भाचा कुठल्याशा ओढ्याच्या काठानं चालत बोलत होता. थंडी एवढी की तोंडातून वाफ निघताना दिसत होती. मागं रांगेनं घरं, एका गॅलरीत वाळत घातलेलं पांघरूण. एवढ्यात मागून भोंग्यावर संथ सुरावट वाजायला लागली. बहीण दचकली.

"आरं, घंटागाडी आली बघ! पळ, कचरा टाकून ये."

"आई, ती घंटागाडी नाही. इथं रोज पाचला गावभर वाजतं ते."

"कशापायी?"

"पोरांसाठी. पाच वाजले, खेळ बंद करा, घरी जा, म्हणून."

सुरावट संपेपर्यंत दोघंही काही बोलले नाहीत. ओढ्याकाठची दोन पोरं सायकली ढकलत निघाली होती, ती पडद्याच्या कडेनं गेली. बहिणीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"मग तू का अजून बाहेर?"